गोव्यात मैफल ऐकायची कशी: एक कान देवळाचा, एक कान इगर्जीचा

फोंड्याला आमच्या शेजारी एक काका राहतात. चवथीला पाचही दिवस घुमट, म्हणजे मडक्याला कातडं चढवलेलं आमचं तालवाद्य, त्यांच्याच मांडीवर असतं. आरतीत एखाद्या पोराचा ताल चुकला, की तोंडाने आरती चालू ठेवून ते डोळ्यांनीच त्याला झापतात. पण कला अकादमीत गाणं ऐकायला चला म्हटलं की ठरलेलं उत्तर, "तें आमकां कळना रे बाबा." ज्याला पन्नास माणसांच्या गोंगाटात चुकलेली एक थाप ऐकू येते, त्याला त्रिताल कळत नाही हे मी मान्य करत नाही. गेल्या हिवाळ्यात मी त्यांना हाताला धरून नेलं. त्यांना जे जे सांगत गेलो, तेच इथे थोडं व्यवस्थित लिहून काढतो आहे.

पणजी मोठं शहर नाही, पण चाळीस किलोमीटरच्या आत जे गोव्यात ऐकायला मिळतं ते मुंबईतही इतक्या जवळजवळ सापडत नाही. एका बाजूला मंगेशीची पालखी, संगीत नाटक, ख्याल. दुसऱ्या बाजूला व्हायोलिन, लॅटिन मोतेत (प्रार्थनागीतं), चॅपेलमधलं वाद्यवृंदाचं वादन. अडचण एकच आहे. हिंदू घरातला माणूस इगर्जीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, संगीताकडे फिरकत नाही आणि ख्रिस्ती घरातला ख्यालाकडे. आपल्या घरून मिळालेला कान वापरून दुसरीकडचं कसं ऐकायचं, यावर या लेखाचा बराच भर आहे.

आधी पंधरा दिवस घरी

थेट मैफलीला जाऊन बसू नका. तीन तास कंटाळून याल आणि पुन्हा जाणार नाही.

पहिला आठवडा एका रागाला द्या. यमन घ्या, कारण तो तुमच्या कानात आधीच आहे. खाडिलकरांच्या 'स्वयंवर' नाटकातलं 'नाथ हा माझा' हे पद यमनमधलं. नाटक १९१६ सालचं, चाल भास्करबुवा बखल्यांची. गोव्यात देवळाच्या मांडावर, म्हणजे उत्सवाच्या जागेवर, हे पद न ऐकलेला माणूस विरळाच. रोज एकदा ऐका आणि गुणगुणा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लक्षात येईल की चाल वर जाताना बऱ्याचदा 'सा' वर न टेकता 'नि रे ग' अशी निघते, आणि मधला 'म' नेहमीपेक्षा चढा, धारदार लागतो. तो तीव्र मध्यम. तो ओळखू आला की कुणाचाही यमन लावा, ख्याल असो की सतार. शब्द वेगळे, चाल वेगळी, पण तो 'म' आला की ओळखीचा माणूस बाजारात दिसल्यासारखं होतं. रागाची ओळख म्हणजे एवढंच. थाट, वादी, संवादी हे सगळं नंतर आलं तरी चालतं, न आलं तरी चालतं.

दुसऱ्या आठवड्यात ताल. त्रितालाच्या सोळा मात्रा मांडीवर मोजा: पहिलीला, पाचवीला आणि तेरावीला टाळी, नववीला हात हवेत सोडायचा, ती खाली. गाडी चालवताना सोडून कुठेही करा. घुमट वाजवणाऱ्याला हे अर्ध्या तासात जमतं. काकांना दहा मिनिटांत जमलं आणि वर मलाच विचारलं, "आनी किदें?"

याच पंधरवड्यात एकदा केसरबाई केरकर ऐका. फोंडा तालुक्यातल्या केरीच्या, जन्म १८९२. भैरवीतली त्यांची 'जात कहां हो' ही साडेतीन मिनिटांची ध्वनिमुद्रिका नासाने व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवली. दोन यानांपैकी नंतरचं ५ सप्टेंबर १९७७ ला उडालं आणि १६ तारखेला केसरबाई गेल्या. साडेतीन मिनिटं म्हणजे एक चहा. पण दोनदा ऐका. पहिल्यांदा आवाज जुना आणि खरखरीत वाटेल. दुसऱ्यांदा ती तान मध्ये कुठेही श्वासासाठी खिळखिळी होत नाही हे जाणवेल.

कार्यक्रम शोधायचे कुठे, कधी

मोसम दिवाळीनंतर सुरू होतो आणि मार्चपर्यंत जोरात चालतो. नोव्हेंबरच्या सुमारास कला अकादमीचा सुरश्री केसरबाई केरकर संगीत समारोह असतो. नवख्याने सुरुवात इथून करावी असं माझं मत. दोन-तीन दिवसांत ज्येष्ठ, मधले आणि नवे असे सगळे ऐकायला मिळतात, एकाचं नाही आवडलं तर दुसरा असतो. डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सव. तिथे संगीत आणि नृत्य दोन्ही असतं, पण आधी नावनोंदणी करावी लागते आणि गर्दी दांडगी. फेब्रुवारीच्या आसपास जुन्या गोव्याच्या टेकडीवर, मोंतच्या चॅपेलमध्ये, मोंत संगीत महोत्सव. त्याबद्दल पुढे बोलतो.

पावसाळ्यात सभागृहं थंडावतात, पण श्रावणात वास्कोचा दामोदर सप्ताह असतो. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवसापासून चोवीस तास अखंड भजन आणि रात्री वेगवेगळ्या समाजांचे पार, म्हणजे मिरवणुका. गोव्याच्या भजनात ख्यालाचं अंग असतं. एकाच अभंगात आलाप, ताना आणि शेवटी गजर असं सगळं येतं. ख्यालाला बिचकणाऱ्याने भजनापासून सुरुवात करावी. तिथे उठून जायला, परत यायला, मध्येच फेरीत भजी खायला कुणाची बंदी नाही.

जागा लक्षात ठेवा: पणजीत कांपालला कला अकादमी, शहरात मिनेझिस ब्रागांझा संस्थेचं सभागृह, पाटोवर संस्कृती भवन. फोंड्याला राजीव गांधी कला मंदिर. मडगाव, साखळी, कुडचडे आणि वास्कोला बायणा इथे रवींद्र भवनं. मराठी वर्तमानपत्रात 'आजचे कार्यक्रम' असं छोटं सदर असतं, तिथे बारीक अक्षरात सोनं दडलेलं असतं. गावातल्या जत्रेच्या, उत्सवाच्या निमंत्रणपत्रिका टाकून देऊ नका. तिसऱ्या पानावर, पालखी आणि महाप्रसाद यांच्या मध्ये, 'रात्रौ गायन' एवढीच ओळ असते आणि खाली नाव बघावं तर आपण दचकतो.

बरेच कार्यक्रम फुकट असतात. म्हणूनच वेळेचा प्रश्न येतो. एका संस्थेच्या कार्यक्रमाला मी पत्रिकेतले सहा बघून साडेपाचला पोचलो. दीपप्रज्वलन, स्वागत, चार सत्कार, सत्कारमूर्तींची मनोगतं, आणि तंबोरा वाजला पावणेआठला. गायिकेने बिचारीने विलंबित, म्हणजे सुरुवातीचं संथ गाणं, आटोपतं घेतलं. सत्काराची शाल मात्र कुणाची कमी झाली नाही. तेव्हापासून माझा हिशेब असा: आपल्याकडच्या मैफलीला पत्रिकेतल्या वेळेत पाऊण तास मिळवायचा. पण व्हायोलिन-पियानोच्या कार्यक्रमाला हा हिशेब लावलात तर फसाल. तिथे सात म्हणजे सात. उशीर झाला तर दार बंद, आणि एक रचना संपेपर्यंत बाहेर उभं राहावं लागतं.

खुर्ची

कला अकादमीची इमारत चार्ल्स कोरियांची. मांडवीच्या काठाला अशी सपाट पसरली आहे, की आत शिरताना आपण इमारतीत जातो आहोत असं वाटतच नाही. दीनानाथ मंगेशकर सभागृहात भिंतींवर मारिओ मिरांडांनी रंगवलेले सज्जे आणि त्यात बसलेले प्रेक्षक आहेत. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी त्यांच्याकडे नीट बघून घ्या, नंतर अंधार होतो.

बसायचं कुठे? पहिल्या दोन रांगा राखीव असतात आणि भाषणं संपली की त्या रिकाम्याही होतात. तरी तिथे धावू नका. पुढे बसलं की दोन्ही बाजूंच्या कर्ण्यांचा आवाज अंगावर येतो आणि तंबोरा हरवतो. ध्वनियंत्रणेवाला माणूस आपलं टेबल मांडून जिथे बसतो, त्याच्या दोन-तीन रांगा पुढे, मधोमध, ही सगळ्यात चांगली जागा. तो जे ऐकतो त्यावरच आवाज बसवतो, म्हणून त्याच्याजवळ ऐकायचं. हे मला एका तबलजींनी सांगितलं होतं, आणि पुढे कधी चुकलेलं आठवत नाही. नृत्याला मात्र वेगळा नियम आहे, तो त्या ठिकाणी सांगतो.

आणि शाल घ्या. गोव्यातल्या सभागृहांचं वातानुकूलन हे आपल्या घामाचा सूड उगवल्यासारखं असतं.

पडदा उघडल्यावर

पहिली पाच-सात मिनिटं तंबोरे आणि तबला जुळवण्यात जातात. लोक या वेळात मोबाइल बघतात. तसं करू नका. डोळे मिटून फक्त तंबोरा ऐका. चारच तारा आहेत, पण थोड्या वेळाने त्यात न छेडलेला गंधारसुद्धा हलका ऐकू यायला लागतो. तो ऐकू आला की पुढची मैफल त्या गादीवर बसून ऐकता येते. मी तर सांगेन, मैफलीत मध्येच कंटाळा आला, जो येतोच, तर पुन्हा तंबोऱ्यावर या. पाच मिनिटं तिथे थांबा आणि मग गाण्याकडे परता.

मग बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतला मोठा ख्याल. नवख्याचा धीर इथेच सुटतो, कारण काही 'घडत' नाही असं वाटतं. बहुतेकदा विलंबित एकताल असतो, बारा मात्रांचा, पण एकेक मात्रा इतकी लांब की पूर्ण आवर्तनाला जवळपास मिनिट लागतं. मोजायला जाऊ नका, वेड लागेल. त्याऐवजी तबल्याचे बोल पकडा. एकतालाचा ठेका असा: धिं धिं धागे तिरकिट, तू ना क त्ता, धागे तिरकिट धी ना. यात 'धागे तिरकिट' दोनदा येतं, आणि हा 'तिरकिट' हळू लयीतही कानाला चटकन सापडतो. पहिल्या 'तिरकिट'नंतर 'तू ना' आलं तर अजून वेळ आहे, निवांत बसा. दुसऱ्या 'तिरकिट'नंतर 'धी ना' आलं की सरळ बसा, सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, आलीच. गायक नेमका याच सुमाराला बंदिशीचा मुखडा, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, उचलतो आणि समेवर येऊन टेकतो. सभागृहातल्या माना एकदम खाली जातात. तुमचीही गेली की समजा, जमलं.

हे काकांना मी कानात सांगितलं तेव्हा विलंबिताचं तिसरं आवर्तन चालू होतं. पाचव्या आवर्तनाला त्यांची मान माझ्याआधी पडली. घुमटाची सवय!

जयपूर-अत्रौली घराण्याचं कुणी गात असेल तर एक गोष्ट वेगळी जाणवेल. तिथे विलंबित इतकं संथ नसतं, बऱ्याचदा त्रितालात असतं आणि चालतं असतं. केसरबाई आणि मोगूबाई कुर्डीकर, दोघी गोव्याच्या, दोघी अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. मोगूबाईंचं गाव कुर्डी साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते वर येतं, आणि विखुरलेले कुर्डीकर मे महिन्यात तिथे जमतात. किशोरी आमोणकर या मोगूबाईंच्या कन्या हे सांगायला नकोच. या घराण्यात जोडराग आणि अनवट राग खूप. त्यामुळे ओळखीचा सूर शोधत बसाल तर गोंधळाल. अशा वेळी रागाचा नाद सोडा, लयीच्या मागे जा. तान सरळ रेषेत न जाता कशी गुंतत-सुटत समेला येते, ते पाहा.

बड्या ख्यालानंतर द्रुत बंदिश, कधी तराणा. इथे सगळ्यांना मजा येते, त्यामुळे सांगण्यासारखं काही नाही. नंतर दुसरा राग, मग नाट्यपद किंवा अभंग. गोव्यात नाट्यपद गायल्याशिवाय गायकाला सोडत नाहीत, आणि त्याने स्वतःहून नाही गायलं तर मागून फर्माइश येते. ही फर्माइश विलंबित चालू असताना ओरडू नये, एवढं पथ्य पाळा. भैरवी झाली की संपलं. भैरवीनंतर आणखी एक म्हणा असं म्हणणं म्हणजे पान खाल्ल्यावर भात मागणं.

दाद कशी द्यायची? मनापासून निघाली तर 'वा'. समेवर, किंवा एखादी जागा घेऊन झाल्यावर. आलाप चालू असताना, मधल्या शांततेत नाही. आणि मोबाइल उंच करून चित्रण करू नका. मागच्याला तुमच्या पडद्यावरची गायिका दिसते, खरी दिसत नाही.

आता दुसरा कान

आपल्यापैकी अनेकांना वाटतं, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत म्हणजे आपल्याला पूर्ण परकं. तसं नाही. हिंदी सिनेमाच्या सुवर्णकाळातल्या वाद्यवृंदांत माजोर्डा, मडगाव, बार्देश इथले गोंयकार व्हायोलिन आणि ट्रंपेट घेऊन बसले होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलालांचे व्हायोलिनचे गुरू. पडद्यावरचं गाणं संपत येताना मागून जो व्हायोलिनचा ताफा उसळतो, तो ज्या शिस्तीतून आला ती शिस्त गोव्यातल्या इगर्जींच्या शाळांत मुलांना सोल्फेज, म्हणजे सुरांच्या नावांनी गाणं, शिकवून तयार झाली. पणजीत १९५२ मध्ये आंतोनियो फोर्तुनातो द फिगेरेदो यांनी संगीताची अकादमी काढली. आज कला अकादमीत भारतीय संगीताच्या जोडीला पाश्चात्त्य संगीताचाही विभाग आहे. तिथल्या विद्यार्थ्यांचे कार्यक्रम बघा. लहान असतात, तासाभराचे असतात, आणि चुकतमाकत वाजवणारं दहा वर्षांचं पोर ऐकताना आपलीही भीती जाते.

काय ऐकायचं? आपल्या गाण्यात एका वेळी एकच सूर पुढे जातो. इथे एका वेळी तीन-चार. नवख्याचा कान सगळ्यात वरच्या सुरावर, म्हणजे पहिल्या व्हायोलिनवर, चिकटून राहतो आणि बाकीचं धुरासारखं वाटतं. उलट करा. सगळ्यात खालचा आवाज धरा, चेलोचा. तो हळू चालतो, म्हणून सापडतो. दोन मिनिटं त्याच्याबरोबर चाला आणि मग वरच्या सुराकडे बघा. पाया आणि घर दोन्ही एकदम दिसायला लागतं. याची घरगुती तालीम हवी असेल तर मांडो हे कोंकणी गाणं ऐका. ख्रिस्ती लग्नात दोघंजण मांडो म्हणतात तेव्हा दुसरा पहिल्याच्या थोडा खालून, त्याला समांतर चालतो. दोन सूर एकत्र ऐकण्याचा हा सोपा धडा. शिवाय साथीला घुमट असतंच, म्हणजे आपला माणूस हजर आहे.

हातात छापील कार्यक्रम मिळतो. तो वाचून घ्या. रचनेच्या नावाखाली आलेग्रो, आदाजियो, प्रेस्तो असे शब्द एकाखाली एक असतात. ते बहुतेक लयीचे शब्द: द्रुत, विलंबित, अतिद्रुत. जितक्या ओळी तितके भाग. कन्चेर्टोत सहसा तीन, सिंफनीत सहसा चार. आणि टाळ्या सगळे भाग संपल्यावरच. माझी फजिती अशी झाली: जुन्या गोव्यात एका संध्याकाळी पहिला भाग जोरात, झोकात संपला, आणि आपल्या सवयीने मी टाळ्या वाजवल्या. एकट्याने! शेजारी एक आजी बसल्या होत्या, फुलांचा झगा, हातात पंखा. माझ्याकडे न बघता त्या हळूच म्हणाल्या, "आनीक दोन आसात, पुता." तेव्हापासून मी ओळी मोजतो. मोजणीचा गोंधळ झालाच तर सोपी खूण: वादकांनी वाद्यं खाली घेतली आणि ते प्रेक्षकांकडे वळले, की वाजवा.

मोंतचं चॅपेल यासाठी फार चांगली जागा. अंगणात बसून सूर्य मांडवीपलीकडे उतरताना ऐकायचं आणि काळोख पडल्यावर आत. दगडी भिंतींत आवाज थोडा लांबतो. मानवी आवाजाला आणि व्हायोलिनला ते मानवतं. या महोत्सवात भारतीय संगीतही असतं, त्यामुळे दोन्ही कानांच्या माणसांनी जोडीने जावं. चढण आहे, वाटेत दिवे कमी आहेत. सपाट चप्पल आणि विजेरी.

पण मला विचाराल तर गोव्यातलं सगळ्यात हलवून टाकणारं पाश्चात्त्य संगीत महोत्सवात नाही, ते उपासकाळात आहे. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत काही गावांत सांतुस पासुसची मिरवणूक निघते. क्रूस घेतलेल्या येशूची मूर्ती खांद्यावरून नेतात. मिरवणूक थांबते, जशी आपली पालखी थांबते, आणि लॅटिन मोतेत गातात. त्यांतले बरेच गोव्यातल्याच संगीतकारांनी रचलेले. साथीला व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि भलं मोठं, उभं धरून वाजवायचं बास. मग एक मुलगी, वेरोनिका, उंचावर चढते, येशूचा चेहरा उमटलेलं कापड हळूहळू उलगडते आणि एकटी गाते. माइक नाही. हजारभर माणसं गप्प. कापड उलगडायचा वेग आणि सुराचा वेग एकच असतो, हे मला तिसऱ्या वर्षी लक्षात आलं. आपण गेलो तर मागे, कडेला उभं राहावं, अंगभर कपडे असावेत, टाळी वाजवू नये, दिवा चमकवून फोटो काढू नये. देवळात परक्या माणसाने जसं वागावं असं आपल्याला वाटतं, तसंच.

ऑपेरा: इथे नाही, पण दूरही नाही

संपूर्ण ऑपेरा गोव्यात उभा राहिलेला क्वचितच बघायला मिळतो. इथे गायनाच्या कार्यक्रमात सुटे आरिया ऐकायला मिळतात, म्हणजे ऑपेरातली पदंच. पूर्ण बघायचा तर मुंबई. नरिमन पॉइंटला एनसीपीए हे कलाकेंद्र, आणि चर्नी रोडला २०१६ मध्ये पुन्हा उघडलेलं रॉयल ऑपेरा हाउस. संध्याकाळी मडगावहून कोकणकन्या, सकाळी मुंबई. परदेशी ऑपेरांचं पडद्यावरचं प्रक्षेपणही एनसीपीएत होत आलं आहे.

मराठी माणसाला ऑपेरा समजायला वेळ लागत नाही, कारण त्याच्याकडे संगीत नाटक आहे. पण दोघांत फरक आहे तो ध्यानात ठेवा. 'सौभद्र'मध्ये पात्रं बोलतात आणि मध्येच पद म्हणतात. ऑपेरात बहुधा बोलणंही गाऊनच असतं, त्याला रेसिटाटिव म्हणतात, आणि पद आलं की आरिया. गायक माइकशिवाय पूर्ण वाद्यवृंदावरून आवाज पोचवतात. त्यामुळे आवाजाचा तो भरीवपणा सुरुवातीला ओरडल्यासारखा वाटतो. वीस मिनिटं द्या, कान बसतो.

आधी कथा वाचून जा. उत्सुकता जाईल अशी भीती नको. सुभद्रेचं लग्न अर्जुनाशीच होणार हे आपल्याला १८८२ पासून ठाऊक आहे, तरी नाटक बघतोच ना? पहिल्यांदा पुच्चिनीचा 'ला बोएम' घ्या, १८९६ चा. चार अंक, तेही आटोपशीर. गरीब कलावंतांची खोली, थंडी, विझलेली मेणबत्ती, प्रेम आणि शेवटी क्षय. यात भाषेवाचून अडणारं फार काही नाही, वर पडद्यावर भाषांतर येतं ते वेगळंच. दुसऱ्यांदा बिझेचा 'कार्मेन'. तिसरा तुम्हीच शोधाल.

आणि ऑपेराचं गोव्यातलं लांबचं नातं बघायचं असेल तर तियात्राला, म्हणजे गाण्यांच्या कोंकणी नाटकाला, जा. लुकासिन रिबेरो यांनी इटालियन ऑपेरा कंपनीत काम करता करता ही कल्पना उचलली आणि १७ एप्रिल १८९२ ला मुंबईत पहिला तियात्र केला. आजही दोन पडद्यांच्या मध्ये कांतारं, म्हणजे सुटी गाणी, होतात, खाली बँड बसतो, ट्रंपेट खणखणतो आणि राजकारण्यांची उडवली जाते. मराठी माणसाला कोंकणी समजतेच. तिकीट काढा, वर्षातून एकदा तरी.

नाच

नाचाला मागे आणि थोडं उंचावर बसा. पहिल्या रांगेतून पाय दिसत नाहीत, आणि पाय दिसले नाहीत तर कथकमधला अर्धा जीव गेला. कथकमध्ये तत्कार (पायांचं काम) बघायचं आणि तिहाई मोजायची: एकच तुकडा तीनदा येतो आणि तिसऱ्याचा शेवटचा पाय समेवर पडतो. तुम्ही मांडीवर त्रिताल मोजायला शिकलाच आहात. ताल इथे डोळ्यांनी दिसतो, म्हणून मुलांना पहिल्यांदा न्यायचं तर गाण्याला नाही, कथकला न्या.

भरतनाट्यमचा क्रम ठरलेला असतो. सुरुवातीला अलारिपू, छोटं, अंग मोकळं करणारं. मध्यावर वर्णम, लांबलचक, कधी अर्ध्या तासाहून जास्त. शेवटी तिल्लाना. दमलेले लोक वर्णमच्या आधी चहाला उठतात आणि मुख्य जेवण चुकवून लोणचं खायला परततात. वर्णममध्ये एक ओळ पुन्हापुन्हा येते, आणि नर्तकी दर वेळी त्या ओळीचा वेगळा अर्थ चेहऱ्याने आणि हातांनी मांडते. ओळीचा अर्थ निवेदनात सांगतात, तेवढा लक्षपूर्वक ऐका. ओळखीच्या घरातल्या मुलीच्या अरंगेत्रमचं, म्हणजे पहिल्या जाहीर नृत्याचं, निमंत्रण आलं, तर आहेराचं पाकीट देऊन पळ काढू नका. पूर्ण क्रम शांतपणे बघायला याहून चांगली संधी नाही.

देवळातलं नाटक आणि परतीची वाट

सभागृहं झाली, पण एक रात्र तरी देवळाच्या मांडावर काढा. उत्सवातलं संगीत नाटक रात्री साडेदहाला सुरू होतं, असं म्हणायचं असतं. प्रत्यक्षात पालखी आत गेल्यावर. नारद गावातलाच कुणीतरी, दिवसा पंचायतीत कारकून. ऑर्गनवर त्याचा मामा. पद रंगलं की 'वन्स मोअर', आणि नारद खरोखरच पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करतो. कथानक तिथेच ताटकळत उभं. चटई, पाण्याची बाटली आणि डासांचं मलम घेऊन जा. तेवढीही सवड नसेल तर कुठल्याही सोमवारी संध्याकाळी मंगेशीला जा. पालखी निघते, वाद्यं वाजतात, आणि दीनानाथ मंगेशकर व जितेंद्र अभिषेकी लहानपणी कुठल्या आवाजात वाढले ते आपोआप कळतं.

परतीचं आधी ठरवा. पणजीहून रात्रीच्या बसेस लवकर आटपतात आणि भैरवीला कदंब बसचं वेळापत्रक माहीत नसतं. स्वतःची गाडी, नाहीतर गोवामाइल्सची टॅक्सी, नाहीतर मध्यंतरातच कुणी आपल्या वाटेचं आहे का विचारून ठेवायचं. मध्यंतरात भजी-पावाच्या रांगेत उभं राहून "फोंडा कोण?" असं मोठ्याने विचारलं की एक तरी हात वर येतो.

घरी आल्यावर वहीत चार शब्द लिहा: तारीख, कलाकार, राग, आणि काय आठवतंय. काकांनीही वही केली आहे. पहिल्या पानावर यमन, त्याखाली कलाकाराचं नाव, आणि त्याखाली काकांचा शेरा: "तबलो बरो. दुसऱ्या तिरकिटाक लक्ष दिवप. शाल विसरलों."